क्रेनवाल्या दाजींचं पोट

दाजी सकाळी क्रेनवर चढले की संध्याकाळीच खाली यायचे. मध्ये नाही. जेवायला नाही, चहाला नाही, आणि आणखी कशालाही नाही. लघवीसाठी केबिनमध्ये बाटली असायची. ती प्रत्येक क्रेनवाल्याकडे असते, त्यात लाजायचं काही नाही. पण मोठ्या कामासाठी बाकीचे क्रेनवाले दिवसातून एकदा तरी तोंड वाकडं करून ती लांबलचक शिडी उतरायचे. ते उतरले की हूक हवेत लटकायचा, सळईवाले जिथल्या तिथे बसकण मारायचे, गवंडी बिड्या काढायचे आणि साइटवरचा साहेब शिव्या घालायला लागायचा. दाजी उतरले म्हणून काम थांबलं, असं मात्र कुणी कधी पाहिलं नाही.

"आमच्या दाजींचं पोट लोखंडाचं आहे," असं शिट्टी छाती फुगवून सांगायचा.

शिट्टी म्हणजे दाजींचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. खरं नाव होतं, पण ते शाळेच्या हजेरीत राहिलं. वर्गात दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचा की मास्तरांचा खडू हातातून पडायचा. एक दिवस मास्तरांनी कान धरून बाहेर काढलं, आणि हा पठ्ठ्या परत आत गेलाच नाही. आईवडील नव्हते. ताईनं घरी आणलं, आणि दाजींनी काही न विचारता साइटवर नेलं. म्हणाले, "एवढी मोठी शिट्टी वाजवतोस, तर पैसे मिळतील अशा ठिकाणी वाजव."

तेव्हापासून तो दाजींचा खालचा डोळा. वरच्या केबिनमधून माणसं मुंग्यांएवढी दिसतात, आणि इमारतीच्या पाठीमागचं तर काहीच दिसत नाही. तिथे खाली उभा असलेला माणूस बोलेल तसा हूक जातो. शिट्टी वॉकीटॉकीवर बोलायचा, "डावीकडे घ्या... अजून... आता खाली... हळू, हळू... बास." त्या 'बास'वर ओझं जागच्या जागी थांबलं पाहिजे. खाली गवंडी हात वर करून उभा असतो, त्याच्या बोटांचा प्रश्न असतो. दाजींचा हात असा होता की 'बास'मधला स उमटायच्या आत ओझं थांबायचं. शिट्टी त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळेच दाजी म्हणायला लागले. साहेबसुद्धा. सगळ्या साइटचा जावई झाला होता माणूस.

घरात मात्र या लोखंडी पोटाचा वेगळाच तमाशा असायचा. सकाळी दाजी संडासात शिरले की बाकीच्यांनी आपापली सोय बघायची. शिट्टी दार बडवायचा.

"दाजी, आत इमारत बांधताय का? सळई पाठवू?"

आतून आवाज यायचा, "सळई नको रे. माल भरलाय, तो सुकलाय."

ताई ओट्यापाशी हसून हसून वाकायची. मग कधीतरी तिचं हसणं बंद झालं. एक दिवस तिनं भावाला बाजूला घेतलं.

"अरे, यांना डॉक्टरकडे ने की. चार-चार दिवस पोट साफ होत नाही. चूर्णं झाली, गोळ्या झाल्या. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील."

"पोट साफ होत नाही म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं का, ताई? लोक हसतील."

"हसू देत."

"बघू," शिट्टी म्हणाला. आणि बघितलं नाही.

बघितलं नाही, एवढंच नाही. त्याच सुमारास साहेबाकडे नवं काम आलं, गावातली सगळ्यात उंच इमारत. तिची क्रेन कुणाला द्यायची यावर साहेबाचं अडलं होतं. दुसराही एक चांगला क्रेनवाला होता, दाजींपेक्षा तरुण. शिट्टी सगळ्यांसमोर साहेबाला म्हणाला, "त्याला घ्या की साहेब, पण तो दिवसातून दोनदा खाली येणार. एवढ्या उंचीवरून उतरून परत चढायचं म्हणजे तुमचा अर्धा दिवस गेला. आमचे दाजी एकदा गेले की गेले." सगळे हसले. काम दाजींना मिळालं.

घरी येताना दाजी म्हणाले, "कशाला बोललास रे तसं? आता खरंच उतरता यायचं नाही."

हसत म्हणाले होते. शिट्टीला वाटलं, लाजतायत. त्यानं पाठीवर थाप मारली आणि विषय संपला. नंतर मात्र त्याला ते वाक्य सारखं आठवायचं. नीट ऐकलं असतं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. माणूस सरळ सरळ सांगत होता की मला अडकवलंस.

त्या इमारतीवर दाजींनी सकाळचं खाणं जवळजवळ सोडलं. कोरडी बिस्किटं आणि घोटभर पाणी, तेही घसा ओला करण्यापुरतं. पाणी प्यायलं की पोट जागं होतं, म्हणायचे. दुपारी शिट्टी बादलीला दोर बांधून डबा वर पाठवायचा, तो संध्याकाळी अर्धा भरलेलाच खाली यायचा. साइटवर सगळ्यांना याचं कौतुक. नव्या पोरांना सगळे बोट करून दाजींना दाखवायचे, "तो बघ, वरचा. दिवसभर हलत नाही."

मग एक दिवस केबिनच्या खिडकीतून धूर आला. शिट्टी वॉकीटॉकीवर ओरडला, "दाजी, काहीतरी जळतंय!" दाजी म्हणाले, "कुठे काय?" त्यांच्या पायाशी वायर वितळत होती, केबिनभर वास सुटला असणार, आणि त्यांना पत्ताच नाही. वायरमन वर जाऊन आला तो नाकाला रुमाल लावून. म्हणाला, "हा माणूस या वासात बसला कसा?" दाजी म्हणाले, "सर्दी असेल." शिट्टी म्हणाला, "आमच्या दाजींचं नाकही लोखंडाचं आहे." परत सगळे हसले.

ताईच्या दंडावर काळंनिळं दिसायला लागलं, तेव्हा शिट्टीचं डोकं फिरलं. पण ती म्हणाली, "अरे, मारत नाहीत. झोपेत लाथा झाडतात. ओरडतात. कुणाशी तरी भांडत असल्यासारखे. सकाळी विचारलं तर काही आठवत नाही." तिनं उशी मध्ये ठेवायला सुरुवात केली. पोट, नाक, झोप, या तीन गोष्टी तीन वेगळ्या खोल्यांत राहत होत्या. त्यांची एकमेकांशी ओळख असेल, हे या घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

हाताचं आधी शिट्टीला कळलं. दुसऱ्या कुणाला कळणं शक्यच नव्हतं. खिडकीची चौकट खाली येत होती. तो 'बास' म्हणाला, आणि चौकट थांबली, पण वीतभर खाली जाऊन थांबली. त्याला वाटलं, आपलाच अंदाज चुकला. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम लक्ष देऊन पाहिलं. दाजींचा हात कापत नव्हता, ओझंही डुलत नव्हतं. फक्त त्याच्या 'बास'मध्ये आणि दाजींच्या हातामध्ये थोडीशी रिकामी जागा पडायला लागली होती.

शिट्टी समजायचं ते समजला. आणि त्यानं काय केलं? तो 'बास' आधी म्हणायला लागला. वीतभर आधी. पुढे ती जागा वाढली, तसा हातभर आधी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. आपला माणूस आहे, ज्यानं भाकरीला लावलं तो माणूस आहे, त्याला सांभाळून घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं. तो इतका तरबेज झाला की ओझं पूर्वीसारखंच जागच्या जागी थांबायचं. साहेबाला कळलं नाही, गवंड्यांना कळलं नाही. त्याला स्वतःचा अभिमानच वाटायचा.

मग त्याला ताप आला. ताईनं हलू दिलं नाही. त्याच्या जागी साहेबानं एक बदली पोरगा उभा केला, दुसऱ्या साइटवरचा, कामात नीट. त्यानं 'बास' म्हणायचं तेव्हाच म्हटलं. फळ्यांचा गठ्ठा थांबायचा तिथे थांबला नाही. खाली जो गवंडी होता, त्यानं उडी मारली, पण एक पाय मागे राहिला.

संध्याकाळी दाजी घरी आले ते भिंतीला धरून खाली बसले. शिट्टी पांघरुणात होता. दाजी ताईला सांगत होते, "पावलाची हाडं गेली म्हणे. चांगला माणूस गं, लहान लेकरं आहेत. तो बदली घाबरला असणार. 'बास' उशिरा म्हणाला. साहेबानं जागच्या जागी काढून टाकलं."

शिट्टीनं पांघरूण डोक्यावर ओढलं.

काही दिवस तो गप्प राहिला. परत कामाला गेला, परत आधी 'बास' म्हणायला लागला. पण आता प्रत्येक वेळी त्याची नजर तो गवंडी उभा असायचा त्या जागेकडे जायची. मग चहाच्या टपरीवर तो बदली भेटला. काम शोधत फिरत होता. शिट्टीला ओळखून म्हणाला, "तुम्ही त्यांच्यासोबत असता ना रोज? मला एकच सांगा. मी वेळेवर म्हणालो होतो. आईशपथ वेळेवर म्हणालो होतो. मग ते थांबलं का नाही?"

शिट्टी म्हणाला, "मला काय माहीत?" आणि चहा तसाच ठेवून निघाला.

घरी आला तर दाजी टीव्हीसमोर बसले होते. उजवा हात मांडीवर होता आणि तो आपोआप हलत होता, अंगठा बोटांवर फिरत होता, गोळी वळत असल्यासारखा. ताई दारात उभी राहून बघत होती. तिनं भावाकडे वळून पाहिलं. शिट्टीच म्हणाला, "उद्या डॉक्टर."

डॉक्टरबाई वयानं ताईएवढ्याच होत्या. त्यांनी दाजींना चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, कागदावर नाव लिहायला लावलं. अक्षर शेवटी शेवटी मुंगीएवढं झालं. मग त्यांनी विचारलं, "पोट कसं आहे?"

तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं. हात दाखवायला आलो आणि ही बाई पोट विचारते.

"साफ होत नाही," ताई म्हणाली. "कित्येक वर्षं."

"वास येतो का?"

"नाही."

"झोपेत हातपाय झाडतात?"

ताईनं तोंडावर हात धरला.

डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. पार्किन्सन. कंपवातही म्हणतात. मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. डॉक्टरबाई घाईत नव्हत्या, समजावून सांगत होत्या. "पण बऱ्याच लोकांत हात हलायच्या कितीतरी वर्षं आधी पोट बिघडतं. आपल्या आतड्यात अगणित जंतू राहतात. घाबरू नका, बहुतेक कामाचेच असतात, त्यांच्याशिवाय आपलं चालत नाही. या आजाराच्या पेशंटच्या पोटात ही वस्ती निरोगी माणसापेक्षा वेगळी सापडते. काही चांगले जंतू कमी झालेले असतात. आणि पोटापासून मेंदूपर्यंत एक लांब नस जाते. काही शास्त्रज्ञ म्हणतात की काही जणांत बिघाड आधी पोटातच सुरू होतो, आणि त्या नसेवरून वर चढत मेंदूपर्यंत पोचतो."

शिट्टीच्या डोळ्यांपुढे क्रेनची शिडी आली. दाजी रोज ती चढत होते, आणि त्यांच्या आत आणखी काहीतरी चढत होतं, पायरी पायरीनं, कुणाला चाहूल न लागता.

"म्हणजे दिवसभर दाबून धरलं म्हणून झालं?" त्यानं विचारलं. "पाणी नाही प्यायलं म्हणून?"

"तसं मी म्हणणार नाही. कुणीच आज तसं म्हणू शकत नाही. पोट साफ न होणाऱ्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. जंतू आधी बदलले की आजारामुळे बदलले, हेही अजून पक्कं माहीत नाही. त्याचा शोध चालू आहे."

"मग आधी आलो असतो तर?"

"आजार थांबला नसता. थांबवणारं औषध आज नाही. पण त्रास कमी करायची औषधं आहेत, व्यायाम आहे. ते लवकर सुरू झालं असतं. आणि यांचं काम असं आहे, तर ते कधी सोडायचं, हे तरी वेळेवर ठरलं असतं." मग त्या दाजींकडे वळल्या. "कामावर हात मंद झाल्याचं तुम्हाला कधी जाणवलं?"

"नाही," दाजी म्हणाले. त्या खोलीत पहिल्यांदाच ताठ बसले. "हात एकदम साफ आहे, बाई. घरी हलतो थोडा, पण लीव्हरवर गेला की पहिल्यासारखा. 'बास' म्हटलं की थांबलंच. हवं तर याला विचारा."

शिट्टीकडे सगळे बघत होते. त्याला खोटं बोलता येत होतं. आजवर बोललाच होता, फक्त तोंडानं नाही.

"मी आधी म्हणायचो, दाजी," तो म्हणाला.

"काय आधी?"

"बास. आधी म्हणायचो. वर्ष झालं असेल. तुमचा हात उशिरा यायला लागला, तसा मी आधी म्हणायला लागलो. त्या दिवशी मी नव्हतो. त्या पोरानं वेळेवर म्हटलं होतं."

ताईनं भावाकडे असं पाहिलं की त्याला वाटलं, हिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. मग दाजी हळू आवाजात बोलले.

"मला वाटायचं, मी अजून तसाच आहे. रोज शिडी उतरताना वाटायचं की म्हातारा झालो, पाय जड पडतायत, पण हात आहे. हात आहे तोवर काळजी नाही. अरे, मला सांगितलं असतंस, तर मी त्याच दिवशी उतरलो असतो."

"मला वाटलं, तुमची खुर्ची जाईल."

"माझी होती ना खुर्ची? मग मी ठरवलं असतं. त्या माणसाचा पाय वाचला असता."

ताई रिक्षात दाजींच्या बाजूला बसली. शिट्टी पुढे ड्रायव्हरशेजारी. घरी आल्यावर ताईनं त्याचं ताट वाढलं, पण हाक मारली नाही. ताट झाकून ठेवलं आणि आत गेली. शिट्टीला सारखं वाटत होतं की त्यानं दाजींना लोखंडाचं म्हणून म्हणून त्यांच्यातल्या माणसाकडे बघायचं राहूनच गेलं. पोट ओरडत होतं, तेव्हा तो त्याची जाहिरात करत होता. हात मंदावला, तेव्हा त्यानं तो झाकला. दोन्ही वेळा प्रेमानंच केलं. तेच त्याला खात होतं. वाईट हेतूनं केलं असतं तर निदान स्वतःला चार शिव्या घालून मोकळा तरी झाला असता.

दुसऱ्या दिवशी दाजी साइटवर गेले, पण शिडीकडे गेलेच नाहीत. सरळ साहेबाच्या पत्र्याच्या खोलीत गेले आणि काय ते सांगितलं. आपला आजार सांगितला, मेहुण्याचं सांगितलं, बदलीची चूक नव्हती हेही सांगितलं. साहेब आधी ओरडला, मग खुर्चीत बसला. म्हणाला, "दाजी, मी तुम्हाला उतरू नका असं कधी म्हटलं होतं का?"

दाजी म्हणाले, "नाही. पण कुणी उतरला की तुम्ही कसे बघायचे, ते मला वरून स्पष्ट दिसायचं."

शिट्टीची नोकरी गेली. ती जायलाच हवी होती, त्यात त्याची तक्रार नव्हती. त्या बदलीला साहेबानं परत बोलावलं.

राहिला गवंडी. दाजी म्हणाले, "मी जाऊन येतो." शिट्टी म्हणाला, "मीही येतो." दाजींनी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही.

गवंड्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, एकच, ओट्यासकट. तो पलंगावर पाय उशीवर ठेवून पडला होता, पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. त्याच्या बायकोनं बुटकं स्टूल पुढे केलं. दाजी त्यावर बसले. शिट्टी दारातच उभा राहिला.

दाजींनी सगळं सांगितलं. पोटापासून सुरुवात केली. गवंडी मध्येच म्हणाला, "पोटाचं मला काय सांगताय?"

"आधी तेच बिघडलं होतं, म्हणून सांगतोय. ते मी लपवलं. लपवलं कसलं, मिरवलं. मग बाकीचं लपत गेलं."

गवंडी छताकडे बघत ऐकत राहिला. मग दाराकडे मान वळवली.

"तुला माहीत होतं?"

"होतं," शिट्टी म्हणाला.

"मी त्या गठ्ठ्याखाली रोज उभा राहायचो. तू माझ्यासोबत चहा प्यायचास."

"हो."

"मला तरी सांगायचं. मी दोन पावलं लांब उभा राहिलो असतो. एवढंच तर होतं."

शिट्टी माफी मागायची म्हणून आला होता, वाटेत शब्दही जुळवले होते, पण ते या माणसाच्या पायापुढे अगदी फुटकळ वाटायला लागले. तो फक्त म्हणाला, "चुकलं." गवंड्यानं तोंड भिंतीकडे केलं. बायकोनं चहाचं विचारलं नाही.

दाजी निघायला म्हणून उठू लागले. स्टूल बुटकं होतं. एकदा झोक दिला, उठवलं नाही. परत झोक दिला. उजवा हात मांडीवर कापायला लागला होता. शिट्टी झटकन पुढे झाला आणि त्यानं काखेत हात घातला.

"थांब," दाजी म्हणाले. "मी मागेन तेव्हा दे."

शिट्टीनं हात काढून घेतला. गवंड्यानं मान वळवून पाहिलं. दाजींनी पाय मागे ओढले, भिंतीला तळवा टेकवला, श्वास घेतला आणि वेळ लागला तेवढा लावून स्वतः उभे राहिले. मग जिन्यापाशी आले. जिना चिंचोळा होता, अंधारा होता. पहिल्या पायरीवर पाऊल उचलेना, जमिनीला चिकटल्यासारखं झालं. शिट्टी मागे उभा, दोन्ही हात स्वतःच्याच काखांत दाबून. त्याला ते फार अवघड जात होतं.

बऱ्याच वेळानं दाजींनी मान न वळवता हात मागे केला.

"आता दे," ते म्हणाले.